रिकामी इमारत कधी चुकत नाही

टेलरमास्तरांचं लग्न ठरवायचं होतं तेव्हा मुलगीच आधी घर बघायला आली, आणि तिथूनच सगळी गंमत सुरू झाली. जुन्या इमारतीचे तीन मजले चढून ती वर आली, पाणी प्यायली, आणि होणाऱ्या सासूबाईंनी काही विचारायच्या आत म्हणाली, "तुमच्या जिन्याची खालून चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे."

मुलीचे वडील गवंडी होते, ते छताकडे बघत बसले. सासूबाई फणकारल्या, "मुलगी घर बघायला आलीय की पायऱ्या मोजायला?" पण पाहुणे गेल्यावर त्या मुकाट्याने खाली उतरल्या आणि चौथ्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. गेली पंधरा वर्षं त्या तिथेच ठेचकाळत होत्या आणि दोष चपलेला देत होत्या. तीन जोड बदलून झाले होते. दुसऱ्या दिवशी होकार गेला. गल्लीत अजून म्हणतात, लोकांची लग्नं काहीतरी जुळलं म्हणून होतात, यांचं पायरी जुळली नाही म्हणून झालं.

तीच ही टेपमावशी. इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा, आरसा, फार तर औषधाची गोळी. हिच्या पर्समध्ये पाच मीटरचा पोलादी टेप आणि एक पितळी शिट्टी. घरात दुसरा टेप मास्तरांचा, कापडी, मऊ, कुणाच्याही गळ्यात पडणारा. हिचा सोडला की सपकन आत जाणारा. माणसंही तशीच. गल्लीतल्या किराणाशेठच्या पोटाचं माप घेतलं की मास्तर आकडा गुपचूप वहीत लिहितात आणि तोंडाने म्हणतात, "शेठ, आहात तस्सेच आहात हो!" मावशीला विचारलं तर ती आकडा सांगते. शिवाय मागच्या वर्षीचाही सांगते.

नोकरी पालिकेच्या इमारत विभागात, तपासनीस म्हणून. नवी इमारत उभी राहिली की मावशीने ती आतून-बाहेरून तपासायची, कागदावर सही करायची, मग भोगवटा दाखला निघणार आणि माणसं राहायला जाणार. सही नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर नुसत्या भिंती.

सुरुवातीला तीही चारचौघांसारखीच तपासायची. रिकाम्या इमारतीत एकटी फिरायची, पायऱ्या मोजायची, कठडे हलवून बघायची. मग वीस वर्षांपूर्वी एक प्रकार घडला. तिनेच पास केलेल्या इमारतीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. स्ट्रेचर आलं, दवाखान्याची माणसं आली, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्ट्रेचर जे अडकलं ते पुढेही जाईना आणि मागेही येईना. बाळाला कसला धीर? ते तिथेच, जिन्याच्या वळणावर जन्माला आलं. मायलेकी सुखरूप. मुलगी आता कॉलेजात जाते आणि लाडाने तिला सगळे 'वळण' म्हणतात. लोक हसले, पेढ्याबिढ्याची चौकशी झाली. मावशी मात्र हसली नाही. जिना तिने मोजला होता, रुंदी बरोबर होती, उंची बरोबर होती. फक्त त्यावरून कुणी आडवं होऊन उतरेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"रिकामी इमारत कधी चुकत नाही," ती त्या दिवशी मास्तरांना म्हणाली. "चुका माणसं राहायला आली की दिसतात."

"मग आता काय, तपासायला माणसं घेऊन जाणार?" मास्तरांनी सुईत दोरा ओवत चेष्टेने विचारलं.

नवऱ्याने चेष्टेत बोलताना जपावं. पुढच्या रविवारी मावशीने अख्खी गल्ली गोळा करून नव्या इमारतीत नेली, आणि त्यानंतर आजतागायत तिने एकही इमारत माणसं भरल्याशिवाय पास केलेली नाही. प्रत्येकाला एक घर नेमून द्यायचं, दार लावायला लावायचं, आणि कामही नेमून द्यायचं. "तू झोपला आहेस. तू दाढी करतो आहेस, अर्धीच झालीय. तुम्ही दोघं भांडताय."

"त्याला नाटक कशाला करायचं?" ती दोघं म्हणायची.

मग मावशी खाली उभी राहून शिट्टी फुंकायची. शिट्टी म्हणजे आग. सगळ्यांनी असतील तसे जिन्याने खाली. लिफ्टला हात लावायचा नाही. ती घड्याळ बघायची. चार मिनिटांत शेवटचा माणूस बाहेर आला पाहिजे. कार्यालयात या प्रकाराला 'मावशीची फौज' म्हणत, आणि ही पद्धत कुठल्याच नियमात नाही हेही सांगत. मावशी म्हणायची, "नियमात मनाई कुठे आहे ते दाखवा." कुणाला कधी दाखवता आलं नाही.

यंदा वरून फर्मान आलं: वर्षअखेरीपर्यंत सहाशे घरं तयार हवीत. कार्यालयाच्या दारात मोठा फळा लागला. डावीकडे 'उद्दिष्ट ६००', उजवीकडे 'पूर्ण', आणि त्याखाली दर आठवड्याला बदलणारा आकडा. साहेब सकाळी आले की आधी फळ्याकडे बघायचे, मग घड्याळाकडे, मग मावशीकडे. वयाने मावशीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता. पण फळ्याने त्यांची झोप उडवली होती. वर्ष संपायला तीन आठवडे उरले तेव्हा आकडा होता पाचशे अठ्ठावीस. उरली होती एकच इमारत. बारा मजली. मजल्यावर सहा घरं. बारा सक बहात्तर. हिशोब देवाने जुळवल्यासारखा जुळत होता.

खरं तर तो देवाने नव्हे, नकाशा काढणाऱ्यांनी जुळवला होता. मुळात मजल्यावर चारच घरं होती. उद्दिष्ट वाढलं तशी चाराची सहा झाली. जागा तीच, जिना तोच, पॅसेज तोच. एका सतरंजीवर दोघांच्या जागी तिघांना निजवावं तशी घरं सरकवून बसवली. पाच आणि सहा नंबरची दारं एकाच कोपऱ्यात काटकोनात आली आणि ती बाहेर उघडणारी करावी लागली, कारण आत उघडली तर न्हाणीघराच्या दारावर आपटत होती.

आणि त्या इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं पाच नंबर होतं टेपमावशीचंच.

नऊ वर्षांपूर्वी मास्तरांनी नाव नोंदवलं होतं. यंदाच्या सोडतीत ते निघालं. घरात सर्वात जास्त आनंद झाला तो सासूबाईंना, म्हणजे गल्लीच्या आजींना. आजींचं वय ऐंशी, जीभ पंचविशीची आणि गुडघे मात्र शंभरीचे. दोन वर्षांत त्या स्वतःच्या पायांनी खाली उतरल्या नव्हत्या. दवाखान्यात जायचं तर खुर्चीत बसवून मास्तर आणि किराणाशेठ तिघा-चौघांच्या मदतीने उतरवायचे. "शेठच्या दुकानातलं पोतं झालेय मी," त्या म्हणायच्या, "फक्त तोंड शिवायचं राहिलंय." नव्या इमारतीत लिफ्ट होती. घर दुसऱ्याच मजल्यावर. सोडतीचा कागद आजी उशीखाली ठेवून झोपायच्या आणि येईल त्याला सांगायच्या, "लिफ्टचं बटण मी स्वतः दाबणार. मध्ये कुणी हात घातला तर बघा!"

मावशीने साहेबांना लेखी कळवलं की या इमारतीत माझं घर आहे, तपासणी दुसऱ्याला द्या. दुसऱ्या तपासनिसाचा पाय मोडला होता, तो महिनाभर घरी. (जिन्यावरून पडून नाही ना, याची मावशीने आधी खात्री करून घेतली.) साहेबांनी अर्ज वाचला, हसले आणि म्हणाले, "उलट छान झालं की मावशी. स्वतःचं घर म्हणजे अगदी मनापासून तपासाल."

साहेबांचा हिशोब तुमच्याआमच्या ध्यानात येतो. स्वतःच्या घराला कोण नाही म्हणेल?

शुक्रवारी मावशीने एकटीने बहात्तर दारं तपासली. दार उघडायचं, पॅसेजमध्ये किती वाट उरते ते मोजायचं, दार लावायचं, पुढच्या दाराकडे जायचं. प्रत्येक दाराला वाट पुरेशी उरत होती. तक्त्यात बहात्तर वेळा 'योग्य' लिहून झालं. फक्त सहीची जागा रिकामी होती.

"करून टाका की," कंत्राटदार पेनाचं टोपण काढून पुढे करत म्हणाला. "तुमचंच घर आहे."

"रविवारी," मावशी म्हणाली. "फौज आली की."

रविवारी फौज निघाली. बहात्तर दारांमागे माणसं हवीत. आपली गल्ली कमी पडली म्हणून पलीकडच्या गल्लीतूनही उसनी माणसं आणली. आजींनी हट्टच धरला, मला माझं घर बघायचंय. त्यांना खुर्चीतून उतरवलं, टॅक्सीत घातलं, आणि नव्या इमारतीत त्यांनी ठरल्याप्रमाणे लिफ्टचं बटण स्वतः दाबलं. नको असताना अकराव्या मजल्याचंही दाबलं. वरून एक फेरी मारून आल्या तेव्हा चेहरा असा, की जणू विमानात बसून आल्या.

पाच नंबरमध्ये आजी आणि मास्तर. मास्तरांनी तेवढ्यात खिडकीच्या पडद्याचं माप घेऊन टाकलं. शेजारच्या सहा नंबरमध्ये किराणाशेठ. मावशी खाली अंगणात. सगळी दारं लागली. तिने शिट्टी फुंकली.

आधी गडगडाट झाला. पहिल्या मजल्यावरची माणसं खिदळत बाहेर आली. त्यांच्यामागे कुणीच येईना. वर मात्र नुसता गलका. मावशी घड्याळ हातात धरून दोन पायऱ्या एकदम चढत दुसऱ्या मजल्यावर पोचली, आणि तिथेच थबकली.

पाच आणि सहा नंबरची दारं एकदम उघडली होती. एकाचं लांब हँडल दुसऱ्याच्या हँडलमागे जाऊन बसलं होतं. दोन्ही दारं अर्ध्यावर अडकून जिन्याच्या तोंडाशी आडवी झाली होती. आतून शेठ ढकलत होते, इकडून मास्तर ढकलत होते, आणि जितका जोर लागेल तितकी त्या दारांची मिठी घट्ट होत होती. पलीकडे वरच्या मजल्यांवरून आलेली तीस-चाळीस माणसं खोळंबलेली.

"ढकला, मास्तर!" शेठ ओरडत होते.

"ढकलतोच आहे हो!"

"ढकलू नका!" मावशी ओरडली. "आत ओढा!"

गलक्यात कुणाला ऐकू जाईना. शेवटी आजींचा आवाज आतून खणखणीत आला, "अरे शेठ, जरा मागे हो की! जन्मभर पुढेपुढेच करत आलास!"

शेठ दचकून मागे झाले. खट् असा आवाज करून दारं सुटली. सगळी इमारत हसली. अर्धी दाढी झालेला तर भिंतीला टेकून हसत होता. मावशीने टेप काढला आणि दारं पुन्हा तशीच अडकवायला लावून मधली वाट मोजली. एक वीत आणि चार बोटं. तिने शेठच्या पोटाकडे पाहिलं. शेठनेही पाहिलं, आणि मग ते हसायचे थांबले.

बाराच्या बारा मजल्यांवर ती गेली. सात मजल्यांवर दारं अशीच अडकली होती. उरलेले पाच मजले वाचले ते निव्वळ आळसामुळे: कुणी चष्मा शोधत बसला होता, कुणी खरोखरच झोपला होता. तक्त्यात प्रत्येक दार एकेकटं उघडलेलं होतं, म्हणून प्रत्येक दार योग्य होतं. दोन्ही मिळून उघडतील हे ना नकाशा काढणाऱ्याला सुचलं, ना शुक्रवारी तिला.

सोमवारी साहेबांच्या खोलीत कंत्राटदार आधीच बसला होता.

"मावशी," साहेब म्हणाले, "आपण पाटी लावू. 'कृपया दारे एका वेळी एकच उघडावीत.'"

"आग पाटी वाचते का, साहेब?"

"पण लोक एकदम थोडेच बाहेर पडतात?" कंत्राटदार म्हणाला. "कुणी सातला, कुणी आठला."

"त्या दिवशी सगळ्यांची वेळ एकच असते. हँडलं काढून टाकतो म्हणाल, तर दारं एकमेकांवर आपटून तशीच अडतील, ते मी करून पाहिलंय. पाच आणि सहा मिळून एक घर करा. एक दार काढून तिथे भिंत घाला. दहा दिवसांचं काम आहे."

"म्हणजे बहात्तरची साठ!" साहेब खुर्चीतून उठलेच. मग हळू आवाजात म्हणाले, "जोडलेलं घर ज्याची नोंदणी आधीची त्याला जाईल. सहा नंबरवाल्यांची नोंदणी तुमच्या आधीची आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"पुढची सोडत कधी निघेल, कुणाला ठाऊक. बारा कुटुंबं लटकतील. त्यात तुम्ही."

"माहीत आहे, साहेब. पडद्याचं मापसुद्धा घेऊन झालंय आमचं."

साहेबांनी विचार करायला दोन दिवस मागितले. ते दोन दिवस मावशीला जड गेले, कारण घर हातचं जाणार हे कळताच आजींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. चहा घेतला, पाठ फिरवली. औषध घेतलं, पाठ फिरवली. इतकी वर्षं टोमण्यांवर वाढलेल्या सुनेला ही शांतता सोसेना. मास्तर मधल्या मध्ये कापड कापत होते, आणि त्या दोन दिवसांत त्यांनी एका शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. मावशीने अहवाल लिहून पर्समध्ये ठेवला होता. दुसऱ्या रात्री जेवताना ती एकदाच बोलली, "आई, पाच नंबर मी मोडतेय. मला दुसरं काही सुचत नाही." आजींनी भिंतीकडे बघत घास घेतला.

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. तीन मजले चढून घामाघूम. मावशी कामावर जायच्या तयारीत दारातच होती. पण साहेबांना भेटायचं होतं आजींना.

"आजी," त्यांनी पाणी पिऊन गोड सुरुवात केली, "एक सही झाली की आठ दिवसांत किल्ली तुमच्या हातात. लिफ्ट, उजेड, सगळं. तुम्ही जरा सूनबाईंना समजवा."

आजींनी उशीखालचा कागद काढला, उलगडला, त्यावरून हात फिरवला.

"साहेब, त्या दाराच्या आत मी होते. तुम्ही होतात?"

"नाही, पण..."

"शिट्टी खोटी होती म्हणून मी हसले. खरी असती, तर वरच्या दहा मजल्यांची पोरंबाळं माझ्या दारापाशी अडकली असती. माझ्या दारापाशी! म्हातारपणी एवढं मोठं पाप वागवायला माझे गुडघे पुरायचे नाहीत." त्यांनी कागदाची घडी घालून साहेबांच्या हातात दिली. "असलं दार मला नको. आणि सुनेला समजवा म्हणता? अठ्ठावीस वर्षं तेच करतेय. तुम्हाला जमलं तर मलाही शिकवा."

दारात उभी असलेली मावशी पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधू लागली. डोळे पुसायला तिच्या पर्समध्ये टेप, शिट्टी आणि अहवाल यांशिवाय काही नव्हतं.

साहेब कागद खिशात घालून उतरले. त्यांच्याबद्दलही खरं ते सांगायला हवं: दुपारी त्यांनी मावशीच्या अहवालावर स्वतःची सही केली आणि वर पाठवला. वरून फोन आले, वरच्या पट्टीतले आले. साहेब प्रत्येकाला एकच सांगत होते, "रविवारी या आणि सहा नंबरमध्ये उभे राहा. पाच नंबरमध्ये मी राहतो. दोघं एकदम दार उघडू." कुणी आलं नाही. पण फोन थांबले.

भिंती घातल्या गेल्या. वर्षअखेरीला फळ्यावर आकडा लिहिला गेला पाचशे अठ्ठ्याऐंशी. गल्लीतले लोक मुद्दाम तो बघायला जायचे. उद्दिष्टाला बारा कमी पडले याचा इतका अभिमान दुसऱ्या कुठल्या गल्लीला वाटला नसेल. शेठ तर गिऱ्हाइकाला साखर बांधून देताना सांगायचे, "त्यातला एक घोळ माझ्या पोटामुळे पकडला गेला, बरं का!"

किल्ल्या देण्याच्या दिवशी मावशीने शेवटची शिट्टी फुंकली. यावेळी फौज नव्हती. खरे रहिवासी होते, साठ कुटुंबं, कडेवर मुलं घेतलेली, काठ्या टेकणारी. जिन्यावरून पायांचा आवाज अखंड खाली आला, कुठेही न अडता. शेवटची बाई बाहेर आली तेव्हा घड्याळात तीन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. मावशीने कठड्यावर कागद ठेवून सही केली. सही नेहमीसारखीच, बारीक आणि सरळ. मग किल्ल्या वाटल्या गेल्या.

आजीही हट्टाने आल्या होत्या, अंगणात खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. सहाव्या मजल्यावरची एक तरुण सून धापा टाकत त्यांच्याजवळ टेकली. किल्ली तिच्या मुठीत होती, हसू काही केल्या मावत नव्हतं. तिने आपुलकीने विचारलं, "आजी, तुम्ही कितव्या मजल्यावर?"

"आम्ही?" आजींनी मान ताठ केली, आणि आसपासच्या दहा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आम्हाला घर नाही मिळालं. आमच्या सुनेनं घालवलं!"

मुलीने किल्लीची मूठ पदराआड केली. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"ती बघ, ती," आजींनी काठी उगारून दाखवली. "कठड्यापाशी उभी आहे ती, हातात टेप असलेली. जा, विचार तिला कसं घालवलं ते. सगळं सांगेल. मापासकट सांगेल."